थंडरबर्ड ॲन्ड्रॉइडवर: कोल्ड स्टोरेजच्या आत मेल उघडतो का?

आधीच सांगतो, मी काही मोबाईल ॲपचे रिव्ह्यू लिहिणारा माणूस नाही, पण थंडरबर्ड ह्या मेलच्या ॲपबद्दल लिहितोय. कुपवाड एमआयडीसीत आमची रेफ्रिजरेशनची सर्व्हिस देणारी छोटी कंपनी आहे, तिथं मी आयटी बघतो, म्हणजे टॅली, सीसीटीव्ही, राउटर आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच. फील्डवर आमचे चौदा जण असतात, तासगाव-कवठेमहांकाळला बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, पंढरपूरकडं डाळिंबाची, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला मासळीची. सगळ्यांकडं कंपनीचे ॲन्ड्रॉइड फोन, आणि स्टोअरच्या तिघांकडं ते बारकोड मारायचे जाडजूड हँडहेल्ड, तेही आतून ॲन्ड्रॉइडच.

आता कोल्ड स्टोरेजच्या आत गेलेल्यांना माहीत असेल, भिंती पफ पॅनेलच्या असतात, दोन्ही बाजूला पत्रा आणि मध्ये फोम. दार लावलं की मोबाईलची रेंज गायब, एक दांडीसुद्धा राहत नाही, पत्र्याच्या डब्यात फोन ठेवल्यासारखंच झालं ते. आणि आमच्या लोकांना वायरिंगचं ड्रॉइंग, पॅनेलचा डायग्राम, मागच्या सर्व्हिसचा रिपोर्ट हे सगळं नेमकं तिथंच लागतं.

मागच्या सीझनला, बेदाणा भरायच्या ऐन गर्दीत, आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचा फोन आला. त्यांना सगळे मामा म्हणतात, मी पण. मामा तासगावला एका चेंबरमधून बाहेर रस्त्यापर्यंत चालत येऊन बोलत होते. "सर, मेल दिसतोय, पण आतलं ड्रॉइंग उघडंना. नुसतं गोल फिरतंय." मी म्हटलं मामा, सकाळी मिरजेत रेंज होती तेव्हा मेल आला होता ना? "आला हुता की, वाचला पण. म्हणून तर आत गेलो." म्हणजे बघा, मेल वाचला म्हणजे तो फोनमध्ये आला असं मामांना वाटलं, आणि खरं सांगतो, मला पण तेवढंच वाटत होतं. त्या वेळी आम्ही वापरत होतो ते ॲप (नाव घेत नाही) विषय आणि मजकूर फोनमध्ये ठेवायचं, आणि पीडीएफ मात्र दाबल्यावर सर्व्हरवरून आणायला जायचं. ऑफलाइन चालतं असं तेही ॲप सांगतच होतं, आणि खोटंही नव्हतं ते, फक्त कामाचा तुकडा सोडून बाकी सगळं ऑफलाइन होतं.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. "अहो, माझ्या लॅपटॉपवर आउटलुकमध्ये विमानात बसलो तरी जुने मेल उघडतात, मग पोरांच्या मोबाईलमध्ये का नाही?" प्रश्न बरोबर आहे. आउटलुकमध्ये एक्स्चेंजच्या (मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांसाठीचा मेल सर्व्हर) खात्याला कॅश्ड मोड २००३ पासून आहे, सगळा मेलबॉक्स ओएसटी नावाच्या फाइलमध्ये कॉपी होऊन डिस्कवर बसतो, किती महिन्यांचा ठेवायचा त्याला स्लायडर असतो. डिस्क ६४ जीबीच्या वर असेल तर बाय डिफॉल्ट एक वर्ष, लहान असेल तर तीन महिने, ३२ जीबीच्या आत असेल तर एकच महिना. आमच्यासारख्या साध्या आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून फोन-पीसीवर बघायची नेहमीची पद्धत) खात्यालाही आउटलुक ओएसटीच बनवतं. मोबाईलवर मात्र प्रत्येक ॲपचा हिशोब वेगळा. जीमेलचं ॲप बाय डिफॉल्ट ३० दिवसांचे मेल ठेवतं, दिवस वाढवता येतात, पण अटॅचमेंट आपोआप उतरवायचा पर्याय फक्त वायफायसाठी आहे. आयफोनच्या मेलमध्ये एक्स्चेंजचं खातं असेल तर किती दिवस ते निवडता येतं. फेअरईमेल म्हणून एक ॲप आहे त्यात किती दिवसांचे सिंक करायचे आणि किती दिवस फोनमध्ये ठेवायचे हे दोन आकडे वेगवेगळे देता येतात, मला वैयक्तिक ते फार आवडलं, पण सेटिंगचं जंगल आहे राव, मामांच्या हातात ते देणं म्हणजे उद्या मीच तासगावला.

शेवटी थांबलो ते थंडरबर्डवर. पीसीवरचं थंडरबर्ड बऱ्याच जणांना माहीत आहे, ॲन्ड्रॉइडवर ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, पण आतून हे जुनंच केनाइन (के-९) मेल नावाचं ॲप आहे, जे २००८ पासून चालू आहे आणि २०२२ मध्ये थंडरबर्डवाल्यांनी स्वतःकडं घेतलं. फुकट, जाहिरात नाही, देणगीवर चालतं. आठ महिने झाले आम्हाला वापरून, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

मी हे निवडलं ते एका सेटिंगसाठी. खात्याच्या सेटिंगमध्ये फेचिंग मेल म्हणून भाग आहे, त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, लोकल फोल्डर साइझ, म्हणजे एका फोल्डरमधले किती मेल फोनमध्ये ठेवायचे. दुसरी, कधीपासूनचे. आणि तिसरी, जिच्यावर सगळा खेळ आहे, फेच मेसेजेस अप टू, म्हणजे किती मोठा मेल असेल तर तो अख्खा, अटॅचमेंटसकट, उतरवून घ्यायचा. मेल त्या आकड्यापेक्षा मोठा निघाला तर ॲप नुसता मजकूर घेतं आणि खाली पूर्ण मेसेज डाउनलोड करायचं बटण देतं. ते बटण रेंजमध्ये दाबलं तर ठीक, चेंबरमध्ये दाबून काय उपयोग. हा आकडा सुरुवातीला अगदी छोटा असतो, केबीमध्ये, त्यामुळं इन्स्टॉल करून लगेच "ह्यातही उघडत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी इथं जावं.

आता माझी चूक ऐका. आमची ड्रॉइंगं साधारण चार एमबीची असतात, थोडी कमी-जास्त. मी विचार केला पाच एमबी ठेवू, वर एक एमबी शिल्लक. पहिल्याच आठवड्यात परत फोन, ह्यावेळी रत्नागिरीहून, तेच गोल फिरणं. मी अर्धा दिवस सर्व्हरला शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं की मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाहीच, बेस ६४ मध्ये बदलून जाते, तीन बाइटचे चार होतात. म्हणजे चार एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये साडेपाच एमबीच्या आसपास भरतं आणि माझी पाचाची मर्यादा ओलांडतं. हे कॉलेजात शिकलो होतो बरं का, परीक्षेत लिहिलं पण होतं. आता सगळ्यांना दहा एमबी आहे. काहीही साइझ असा पर्याय पण आहे पण तो ठेवू नका, कस्टमर लोक गंजलेल्या पाइपचे बारा-बारा फोटो एका मेलला लावून वीस-बावीस एमबीचा मेल पाठवतात आणि मग घाटात पोरांचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो.

मर्यादा वाढवल्यावर आधीचे अर्धवट उतरलेले मेल भरून येतील म्हणून वाट बघत बसलो नाही, सरळ सगळ्या फोनवरची खाती काढून परत टाकली. ऑफिसच्या वायफायवर एका दुपारात झालं. मेल ५०० आणि गेल्या तीन महिन्यांचे एवढे ठेवले, माझ्या फोनवर ॲपने सव्वा जीबी जागा घेतली, हँडहेल्डवर त्याहून कमी कारण तिथं फक्त स्टोअरचे मेल येतात.

दुसरा खड्डा फोल्डरचा. आमच्या सर्व्हरवर नियम लावलेत, सर्व्हिस कॉलचा मेल आला की तो आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातो, इनबॉक्समध्ये राहतच नाही. थंडरबर्ड आपणहून इनबॉक्स सिंक करतं, बाकीचे फोल्डर तुम्ही उघडाल तेव्हा. म्हणजे जो फोल्डर कामाचा तोच ऑफलाइनला रिकामा. मॅनेज फोल्डर्समध्ये जाऊन त्या फोल्डरला सिंक चालू करावं लागतं, एकेक फोनवर, हाताने. ज्यांच्याकडं असे नियम आहेत त्यांनी हे विसरू नका, आमच्या एका पोराने तर तीन दिवस "आज काय काम नाय वाटतं" म्हणून चहा पिऊन काढले.

मग मी जरा जास्तच शहाणपणा केला. सिंक चालू केलंच आहे तर पुश पण करू सगळ्या फोल्डरना, मेल आला की लगेच फोनमध्ये. पुश म्हणजे आयमॅपचं आयडल, फोन सर्व्हरशी एक लाइन उघडी धरून ठेवतो आणि नवीन मेल आला की सर्व्हर त्याच लाइनवर हाक मारतो. पण एका फोल्डरला एक लाइन. सहा फोल्डरना पुश दिलं म्हणजे सहा लाइन, त्यात तोच माणूस ऑफिसात पीसीवर थंडरबर्ड लावून बसलेला, ते बाय डिफॉल्ट पाच लाइनपर्यंत घेतं, झाल्या अकरा. आणि डव्हकॉट नावाचा जो मेल सर्व्हर बहुतेक ठिकाणी असतो त्याची मूळ मर्यादा एका युजरला एका आयपीवरून (नेटवरचा पत्ता) दहा. ऑफिसच्या वायफायवर फोन आणि पीसी दोघांचा आयपी बाहेरून एकच दिसतो. मग काय, कधी पीसीवर लॉगिन फेल, कधी फोनवर, आणि अकाउंट्सच्या मॅडम माझ्याकडं बघून नुसत्या हसायच्या. गंमत म्हणजे फील्डवर काही अडचण नाही, प्रॉब्लेम फक्त ऑफिसात आल्यावर, त्यामुळं कारण शोधायला मला दोन आठवडे लागले. आता पुश फक्त इनबॉक्स आणि सर्व्हिस कॉल ह्या दोघांना, बाकी फोल्डर दर तासाला तपासतो.

पुश चालू असेल तर वर एक नोटिफिकेशन कायम बसून राहते, नवीन मेलची वाट बघतोय म्हणून. चौदातल्या नऊ जणांनी विचारलं की हे काय आहे, व्हायरस आहे का. फोनच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन तेवढीच बंद करता येते. आणि ॲन्ड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर अलार्म आणि रिमाइंडरची परवानगी हाताने द्यावी लागते, नाहीतर पुश चालत नाही. मेलच्या ॲपला अलार्म कशाला हा प्रश्न मलाही पडला होता, तर ती उघडी लाइन मरू नये म्हणून ठरावीक वेळाने फोनला उठवून ताजी करावी लागते, त्यासाठी.

बॅटरीचा विषय मात्र थंडरबर्डच्या हातातला नाही. ॲन्ड्रॉइड ६ पासून डोझ आहे, फोन टेबलावर पडून राहिला की मागे चालणारी ॲप झोपवतो. त्यावर काही कंपन्यांचे फोन स्वतःचं वेगळं औषध देतात, स्क्रीन बंद झाली की ॲपच मारून टाकतात. आमच्याकडं एकाच कंपनीचे पाच फोन असे निघाले, रात्री चार्जिंगला लावले की सकाळपर्यंत एक मेल उतरलेला नसायचा, आणि सकाळी माणूस गाडीवर बसून सरळ साइटवर. उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच, बॅटरीमध्ये अनरिस्ट्रिक्टेड करा, ऑटोस्टार्ट द्या, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावा. तरी एक फोन ऐकत नाही. त्या पोराला सांगितलंय, निघायच्या आधी ॲप उघड, खाली ओढ, मोजून दोन मिनिटं थांब.

सेटअपबद्दल, इथं मला खरंच बरं वाटलं. पीसीवरच्या थंडरबर्डमध्ये मोबाईलसाठी एक्स्पोर्ट म्हणून पर्याय आहे, तो क्यूआर कोड दाखवतो, फोनने स्कॅन केला की सर्व्हर, पोर्ट, नाव सगळं येतं, पासवर्डही सोबत द्यायचा का ते विचारतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ९९३ पोर्ट म्हणजे काय हे सांगण्यात माझी जी दुपार जायची ती वाचली. फक्त पासवर्डसकट कोड दाखवत असाल तर मागे कोण फोन धरून उभा आहे ते बघा. आणि वर सांगितलेली साइझ, फोल्डर, पुश वगैरेची जुळवणी मी मात्र हातानेच केली, सतरा वेळा.

ऑफलाइन असताना उत्तर लिहिलं तर ते आउटबॉक्समध्ये थांबतं आणि रेंज आली की जातं, हे छान चालतं. मामा आता चेंबरमध्येच सर्व्हिस रिपोर्ट लिहून टाकतात, बाहेर येईपर्यंत बोटं गार पडलेली असतात त्यांची पण रिपोर्ट गेलेला असतो. शोधायचं म्हटलं तर फोनमध्ये उतरलेल्या मेलमध्ये नेट नसताना शोधता येतं, कॉम्प्रेसरचा सीरियल नंबर टाकला की मागचा रिपोर्ट समोर. त्याच्या मागचं हवं असेल तर सर्व्हरवर शोधावं लागतं, म्हणजे रस्त्यावर या.

बरेच जण विचारतील, एवढा उपद्व्याप कशाला, व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाका की. टाकत होतो. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली ड्रॉइंगची दुसरी रिव्हिजन गाडली गेली आणि पोराने पहिल्या रिव्हिजनवर पॅनेल जोडलं, कॉन्टॅक्टर जळाला, त्या बिलाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. शिवाय कस्टमरची पीओ (खरेदीची ऑर्डर), इन्स्पेक्शनचे कागद सगळे मेलवरच येतात.

ज्या गोष्टी नाहीत त्या पण सांगतो. कॅलेंडर नाही. एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक (फोन एक्स्चेंजला जोडायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) नाही, ऑफिस ३६५ वाल्यांच्या ॲडमिनने आयमॅप चालू ठेवलं असेल तरच जमेल, आणि मोठ्या कंपन्यांत ते बहुतेक बंद असतं. आयफोनवर अजून आलेलं नाही, आमच्याकडं दोनच आयफोन, मालक आणि मालकांचा मुलगा, दोघं कोल्ड स्टोरेजच्या आत फारसे जात नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचा मी आधी विचारच केला नव्हता. फोनमध्ये तीन महिन्यांचे मेल अटॅचमेंटसकट ठेवायचे म्हणजे फोन हरवला की तेही हरवले. आयमॅपमध्ये लांबून फोन पुसायची सोय नसते. मेलचा पासवर्ड बदलला तर नवीन मेल यायचे थांबतील, जुने त्याच फोनमध्ये राहतील. जूनमध्ये एकाचा फोन मिरज स्टेशनवर गेला, तेव्हा गूगलच्या फाइंड वाल्या सोयीतून तो पुसायला टाकला, पण फोन ऑनलाइन आला तरच पुसला जातो, तो आला का नाही देव जाणे. तेव्हापासून स्क्रीन लॉक नसेल तर फोन देत नाही, पॅटर्न नाही, सहा आकडी पिन. लॉक असेल तर आतला डेटा एन्क्रिप्ट असतो, ॲन्ड्रॉइड १० सोबत बाजारात आलेल्या आणि त्यापुढच्या फोनना तर ते सक्तीचंच आहे. आमचे दोन फोन त्याहून जुने होते, ते ऑफिसात ठेवून दिले, आता त्यावर मुलं कँटीनमध्ये क्रिकेट बघतात. ज्यांच्याकडं गूगलच्या वर्कस्पेसचं किंवा मायक्रोसॉफ्टच्या ३६५ चं ॲडमिन पॅनेल आहे, आणि फोनमधलं फक्त ऑफिसचं खातं पुसायची सोय हवीच आहे, त्यांनी त्यांचंच ॲप वापरावं, ह्याच्या नादी लागू नये.

स्टार विचाराल तर पाचातले चार. एक कापला तो फोल्डर आणि साइझची सेटिंग चौदा फोन आणि तीन हँडहेल्डवर एकेक करून करावी लागली म्हणून.

घेणाऱ्यांनी एक करा. सगळं सेट झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, आणि कालच्या मेलमधली सगळ्यात जड पीडीएफ उघडून बघा. विषय दिसतो का ते बघू नका, पीडीएफ उघडा, झूम करून टर्मिनल नंबर वाचा. ऑफिसच्या मागे आमचाच एक छोटा डेमो चेंबर आहे, त्यात आम्ही प्रत्येकाला दार लावून आत पाठवलं आणि बाहेरून विचारलं, तिसऱ्या पानावर के-२ च्या खाली काय लिहिलंय. सोळा जणांनी बरोबर सांगितलं. सतरावे मामा, ते आतून ओरडले, "चष्मा गाडीत राहिलाय."